इल्दाचं पिंप आणि माझं पत्रक

ऑक्टोबर आला की टोरांटोतल्या मराठी माणसाला पानं दिसू लागतात. लाल पानं, पिवळी पानं, शेंदरी पानं. मग बस ठरते, तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, उत्तरेला अडीच तास जाऊन एका झाडाखाली चाळीस माणसं आळीपाळीने उभी राहून फोटो काढतात, आणि परत आल्यावर कुणीतरी मंडळाच्या अंकासाठी निसर्गाच्या रंगपंचमीवर लेख लिहितं. दर वर्षी तोच लेख. लिहिणारा तेवढा बदलतो. मला पानांचं कौतुक नाही. ऑक्टोबर आला की मला द्राक्षं दिसतात आणि माझं डोकं फिरतं.

परवा भाडेकरूंच्या एका मीटिंगसाठी हॅमिल्टनला गेले होते. बसमधून उतरले तर कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज ग्रोसरीसमोर फुटपाथवर लाकडी खोकी छातीइतकी रचलेली. कॅलिफोर्नियाहून ट्रकने आलेली काळी द्राक्षं. वर थंडीने अर्धमेल्या झालेल्या गांधीलमाश्या, त्यांना उडायचाही कंटाळा. एक म्हातारा खोक्यातलं एकेक द्राक्ष चाखून फुटपाथवर थुंकत होता आणि दुकानदाराशी भांडत होता. मी तिथं उभी राहिले ती राहिलेच. मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचले. उशिरा येणाऱ्यांवर एरवी मीच तोंडसुख घेते.

तो वास मी एक अख्खा सीझन उशाशी घेऊन झोपलेय. सहा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नागपूरहून मास्टर्स करायला आले होते आणि मास्टर्स सोडून बाकी सगळं करत होते. भाडेकरूंची संघटना, सफाई कामगारांची संघटना, मोर्चे, सह्या, पत्रकं. राहायला जोआकीमचं बेसमेंट. जोआकीम काँक्रीट ओतायचं काम करायचा आणि कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज क्लबचा प्रेसिडेंट होता. क्लब म्हणजे एक बार, पत्त्यांची दोन टेबलं, टीव्हीवर फुटबॉल आणि भिंतीवर गेलेल्या प्रेसिडेंटांचे फोटो. माझ्या खोलीला लागून, पुढच्या पायऱ्यांच्या पोटात एक कोल्ड रूम होती. इतरांच्या घरी तिथं बटाटे आणि रिकाम्या सुटकेसा असतात, जोआकीमच्या घरी तिथं वाइनची पिंपं. सप्टेंबरअखेर द्राक्षं चिरडली की रस त्या पिंपांत फसफसायचा. भिंतीपलीकडे कुणीतरी सतत कुजबुजतंय असं वाटायचं. उशीला वास, ओढणीला वास, माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यांनाही तो आंबूस वास.

माझ्या डोक्यावर दोन मजले सोडून मागच्या खोलीत इल्दा राहायची. ती गायिका होती. हे वाक्य मी तेव्हाही मोठ्या कष्टाने उच्चारायचे.

कारण तिची गाणी भिकार होती. आजही म्हणते. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातली पोर, बाप छोटी पेटी वाजवायचा, सोळाव्या वर्षापासून ही जत्राजत्रांतून ट्रकच्या फाळक्यावर उभी राहून गायची. दोन कॅसेटी निघाल्या, त्या पेट्रोल पंपावर विकल्या जायच्या. कव्हरवर लाल ब्लाउज आणि डोक्याएवढे केस. एक नवरा होता, तो ढोल वाजवायचा आणि एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जाताना मध्येच कुठंतरी राहिला. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका विधवेबद्दल होतं. विधवेचं वाइनचं पिंप गळतंय, आणि ती गावातल्या एकेका पुरुषाला विचारत फिरते, माझ्या पिंपाला बसेल असं बूच तुझ्याकडे आहे का? न्हाव्याकडे नाही, सुताराकडे आहे पण आखूड, पाद्रीबाबा म्हणतात जरा बघून सांगतो. अशी अकरा कडवी.

एका उन्हाळ्यात ती कॅनडातल्या पोर्तुगीज क्लबांच्या पिकनिकांत गायला आली आणि परत गेलीच नाही. व्हिजिटर म्हणून मिळालेले सहा महिने संपले, त्यावर आठ वर्षं झाली. रोज सकाळी ऑफिसं उघडायच्या आधी नॉर्थ यॉर्कच्या एका टॉवरमध्ये ती व्हॅक्यूम फिरवायची. त्याच टॉवरमध्ये आपली पुण्या-मुंबईची हुशार मंडळी नऊ वाजता येऊन बसायची आणि कार्पेट स्वच्छ का असतं हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. एका दीडशहाण्या कन्सल्टंटने तिला निर्वासित म्हणून अर्ज करायला लावला होता. पोर्तुगालमधून निर्वासित. तो फेटाळला जाणार हे पोरासोरांनाही कळलं असतं. फेटाळला, आणि तिचं नाव देश सोडायच्या यादीत जाऊन बसलं. शेवटचा एक अर्ज उरला होता, माणुसकीच्या मुद्द्यावरचा. परत गेले तर माझे हाल होतील हे त्यात पटवून द्यायचं असतं. त्या अर्जाला जोडायला सह्या आणि पाठिंब्याची पत्रं हवी होती, आणि ते काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

माझं इंग्रजी नागपुरी, तिचं ट्रकवरचं. दोन्ही लंगडी, म्हणून आमचं जमायचं. ती मला "मेनीना" म्हणायची, म्हणजे पोरी. मी तिला सगळ्यांसारखं "दोना इल्दा" म्हणायचे, म्हणजे इल्दाबाई.

आधी क्लबात गेले. दर जुलैत हीच माणसं हातात भाजलेल्या माशांच्या प्लेटा घेऊन तिच्या पिंपाच्या गाण्यावर नाचायची. एकानेही सही केली नाही. जोआकीमने कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"सहीखाली पत्ता लिहायचाय," तो म्हणाला.

"मग?"

"माझ्या साइटवर कोण कोण कागदांशिवाय कामाला आहे, तुला ठाऊक आहे. पत्ता दिला की पत्त्यावर माणसं येतात."

"म्हणजे नाचायला सगळे, आणि सहीला कुणी नाही."

"नाचताना पत्ता विचारत नाहीत, मेनीना."

मी त्याला भित्रा म्हणाले, तोंडावर. तो माझा घरमालक होता तरी. त्याने खांदे उडवले आणि पत्ते पिसायला घेतले.

मग मी आपल्या लोकांकडे वळले. गणपती आले होते. नॉर्थ यॉर्कमधल्या एका शाळेचा हॉल, आरती, मोदकांची रांग आणि संध्याकाळी लावणीचा कार्यक्रम. भाड्याच्या नऊवाऱ्या नेसलेल्या डॉक्टरीणबाई आणि बँकेतल्या मॅनेजरबाई नाचत होत्या आणि पुढच्या रांगेतले काका टाळ्या देत होते. यांच्याच घरात पन्नास वर्षांपूर्वी लावणी हा शब्द काढला असता तर पोराला जेवायला मिळालं नसतं. समुद्र ओलांडला की चावटपणा संस्कृती होतो. पण फक्त आपला.

पटवर्धन काका पहिल्या पिढीतले. साठच्या दशकाच्या शेवटी इंजिनियर म्हणून आलेले, आता रिटायर्ड, आणि त्यांनी सही केली की मागून पन्नास सह्या येतात अशी त्यांची पत. मी त्यांना खिंडीत गाठलं.

"लुक, इट्स व्हेरी सिंपल," काका म्हणाले. "आम्ही पॉइंट्सवर आलो. एज्युकेशनचे इतके, लँग्वेजचे इतके, एजचे इतके. एक पॉइंट कमी पडला असता ना, तर मी आज अंबरनाथला असतो. ही बाई कशावर आली?"

"ती सिंगर आहे, काका."

"सिंगर?" काकांनी मोदक खाली ठेवला. "म्हणजे क्लासिकल?"

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या खिशातल्या फाउंटन पेनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "फादो गाते. पोर्तुगालची ती विरहाची गाणी असतात ना, काळी शाल घेऊन गातात. आपली ठुमरी समजा."

"अरे वा, फादो. आम्ही ऐकलंय लिस्बनला, क्रूझवर गेलो होतो तेव्हा. व्हेरी डीप." आणि पेनाचं टोपण उघडत म्हणाले, "बट दॅट इज डिफरंट. आर्टिस्ट आहे म्हटल्यावर वेगळं. तू आधी का नाही सांगितलंस?"

सह्या आल्या. रांग लावून आल्या. मला माझ्याच हुशारीचं केवढं कौतुक वाटलं.

पत्रक लिहायचं मला शिकवलंय ते असं: पहिल्या ओळीत माणूस, दुसऱ्या ओळीत अन्याय, तिसऱ्या ओळीत काय करायचं ते. माणूस असा हवा की वाचणाऱ्याला त्याला गमावण्याची लाज वाटली पाहिजे. मी लिहिलं, "ख्यातनाम फादो गायिका". लिहिलं, "आपल्या देशाच्या वेदनेचा आवाज". सगळं इंग्रजीत. फोटो हवा होता. इल्दाने मला फोटोंचं एक पाकीट दिलं होतं. बहुतेक सगळे लाल ब्लाउजचे, ट्रकवरचे, दात दाखवणारे. एकात मात्र ती काळी शाल घेऊन खाली बघत उभी होती.

"हा कुठला?" मी विचारलं.

"आईला पोचवली त्या दिवसाचा. शेजारी आई आहे, पेटीत."

मी पेटी कापून टाकली. कात्रीने नव्हे, कॉम्प्युटरवर, दोन मिनिटांत. उरली ती फादो गायिका.

पत्रक तिला जोआकीमने वाचून दाखवलं. ती ते घेऊन बेसमेंटमध्ये आली. हातावर अजून क्लीनरचा वास. ओरडली नाही.

"फादो बसलेल्या माणसांसाठी असतं, मेनीना. ऐकणारा बसलेला, गाणाराही जवळपास बसलेलाच. मी उभ्या माणसांसाठी गाते. ज्यांच्या हातात प्लेट आहे त्यांच्यासाठी."

"तुम्हाला इथं राहायचंय ना?"

"राहायचंय."

"मग थोडे दिवस बसा."

असं मी म्हणाले. माझ्या दुप्पट वयाच्या बाईला. ती वर गेली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपारी चर्चच्या बेसमेंटमध्ये आम्ही सभा घेतली. खासदारांची एक सहायिका येणार होती, तिला पटलं तर खासदार पत्र देणार होते. पटवर्धन काका मंडळाची दहा माणसं घेऊन आले. क्लबातले लोक सहीला आले नव्हते, पण बघायला आले, मागे भिंतीला टेकून, जॅकेटच्या खिशात हात. मी भाषण केलं, टाळ्या मिळाल्या. मग ती सहायिका गोड हसून म्हणाली की दोना इल्दांनी आम्हाला एखादं फादो ऐकवलं तर किती छान होईल.

मी इल्दासाठी खुर्ची आणून ठेवली. हो, मीच.

ती बसली. खांद्यावर काळी शाल होती, आईच्या वेळची. आणि तिने एक फादो म्हटलं, जे प्रत्येक पोर्तुगीजाला शाळेतल्या कवितेसारखं पाठ असतं. ते तिला येत नव्हतं. मला संगीतातलं काही कळत नाही, तरीही कळलं. आवाज वर जायला बघायचा आणि ती त्याला खाली दाबायची. जिथं हुंदका हवा तिथं तिच्या गळ्यातून जत्रेतली आरोळी निघायला बघायची. मागे भिंतीला टेकलेली माणसं बुटांकडे बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रांगेत खासदारांच्या सहायिकेने डोळे पुसले. काका माझ्या कानात म्हणाले, "काय दर्द आहे बघ." ज्यांना काही कळत नव्हतं ते रडत होते आणि ज्यांना कळत होतं ते मान वर करत नव्हते. ही माझी सगळ्यात यशस्वी सभा.

घरी चालत येताना ती एवढंच म्हणाली, "आजवर कधी बसून गायले नव्हते."

पुढच्या शनिवारी जोआकीमची द्राक्षं आली. त्या वर्षी उशीरच झाला होता. मागच्या गल्लीतलं गॅरेज उघडलं, मध्ये हाताने फिरवायचं चरकासारखं यंत्र, खाली पिंप. इल्दाने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि चाक हातात घेतलं. जोआकीम वरून खोकी ओतत होता, मी देठं काढत होते, हात कोपरापर्यंत जांभळे, मानेशी गांधीलमाशी. गल्लीतली सगळी गॅरेजं उघडी, सगळीकडे तेच चाललेलं. आणि चाकाच्या लयीवर तिने विधवेचं पिंप सुरू केलं.

मी ते गाणं कॅसेटवर ऐकलं होतं. कॅसेट खोटी असते. त्या उघड्या गल्लीत तो आवाज विळ्याला धार लावावी तसा निघाला, पत्र्याच्या दारांवर आपटून परत आला, आणि न्हाव्याच्या कडव्यानंतर शेजारच्या गॅरेजातून कुणीतरी धृपद उचललं. मग पलीकडच्या. सुतारापर्यंत अख्खी गल्ली गात होती. जोआकीम रिकामं खोकं डोक्यावर धरून गात होता. बूच आहे का, बूच आहे का. सही करायला ज्यांचा हात उठला नव्हता त्यांचे गळे कसे मोकळे होते ते मी जांभळ्या हातांनी ऐकत उभी होते. मला त्या सगळ्यांची किळस आली. आणि तरी पाद्रीबाबाच्या कडव्याला मी हसले, कारण तिने डोळा मारला, आणि मला, नागपूरच्या कार्यकर्तीला, पुढचं कडवं ऐकायचं होतं. गाणं घाणेरडंच होतं. ते तिच्या मापाचं होतं. मी तिला दुसऱ्याचे कपडे घालून रस्त्यावर उभी केली होती.

खासदारांचं पत्र आलंच नाही. इमिग्रेशनचं आलं, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. इंग्रजी माझं बरं म्हणून स्वयंपाकघरात मीच ते मोठ्याने वाचलं. अर्ज नामंजूर. कारणांत लिहिलं होतं की सोबत जोडलेल्या पत्रकावरून अर्जदार ही आपल्या देशातली ख्यातनाम फादो गायिका आहे असं दिसतं. तेव्हा परत गेल्यावर उपजीविकेसाठी तिचे हाल होतील असं मानायला जागा नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कुणी वाचायला सांगितलं नव्हतं.

जोआकीमने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला भित्रा म्हणाले होते. त्याच्या भीतीने त्याच्या साइटवरचा एकही माणूस गेला नव्हता. माझ्या धाडसाने इल्दा गेली. ती म्हणाली, "ख्यातनाम म्हणजे काय?" मी सांगितलं. ती हसायला लागली, खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझी आई ऐकायला हवी होती," म्हणाली.

काकांना फोन केला. "सॅड," काका म्हणाले. "व्हेरी सॅड. बट सिस्टिम इज सिस्टिम." त्यांच्यावर तुटून पडायला मला तोंड नव्हतं. ते एज्युकेशनचे पॉइंट मोजत होते, मी दर्दाचे. त्यांचा तक्ता सरकारने छापला होता, माझा मी स्वतः छापला होता. माणसाला कुठंतरी राहायला मिळावं म्हणून आधी तो थोर असल्याचं सिद्ध करायचं, ही भीक आहे, आणि ती मी तिच्या नावाने मागितली. जत्रेत चावट गाणी म्हणणारी, आठ वर्षं कार्पेट साफ करणारी बाई राहायला का पुरत नाही, हा एकच प्रश्न पत्रकात हवा होता. तो मला सुचला नाही, कारण माझ्या मते ती पुरत नव्हती.

ती एका मंगळवारी दुपारी गेली. सुटकेस एक. जाताना कोल्ड रूममध्ये येऊन पिंपावर थाप मारली. "सान मार्तीन्योला माझा पेला आधी भरा."

सान मार्तीन्यो म्हणजे अकरा नोव्हेंबर. त्या दिवशी नवी वाइन उघडतात, चेस्टनट भाजतात, आणि ज्याने द्राक्षांत हात घातला त्याला पहिला पेला. जोआकीमने तिचा पेला भरून टेबलावर ठेवला, आणि बरोबर त्याच वेळी तिचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"कशी झाली?"

जोआकीमने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "आंबट."

"मग बरं झालं," इल्दा म्हणाली. "चांगली झाली असती तर मला वाईट वाटलं असतं."

परवा हॅमिल्टनहून परत येताना मी घरी न जाता त्या जुन्या गल्लीत गेले. जोआकीम क्लबातच सापडला, केस पांढरे झालेत, अजून प्रेसिडेंट. मला बघून उठला, मिठी मारली, आणि अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. गेलेल्या प्रेसिडेंटांच्या शेजारी सोनेरी चौकटीत माझ्या पत्रकातला फोटो. काळी शाल, खाली नजर. चौकटीखाली पट्टी: इल्दा, फादो गायिका.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आपली कलाकार. पाहुणे येतात, विचारतात. बरं दिसतं."

"तुम्ही सही केली नव्हती."

"चौकट मी केली," तो म्हणाला, जणू हिशेब मिटला.

मी तो फोटो काढायला हात घातलाच होता. मग थांबले. तिच्या वतीने ठरवायची माझी सवय एकदा तिला महागात पडली होती. जोआकीमकडे तिचा नंबर होता. तिच्या गावात तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती, मागे भांडी वाजत होती. मी सगळं सांगितलं, फोटो, चौकट, पट्टी.

"मी जाड दिसते का त्यात?"

"नाही."

"मग फोटो राहू दे. शेजारी आई आहे त्यात, तू कापलीस तरी. तो शब्द तेवढा काढ."

जोआकीमने बारमागून स्क्रूड्रायव्हर आणून दिला. पत्ते खेळणारे थांबून बघत होते. पट्टी मला पितळी वाटली होती, खरवडायला लागले तर प्लास्टिकवर सोनेरी मुलामा निघाला. दोन मिनिटांचं काम. पेटी कापायलाही तेवढीच लागली होती.

"आता त्या जागी काय लिहायचं?" जोआकीमने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "नाव आहे ना."